रेझ्युमेतल्या या चुका टाळा: केलेले काम पहिल्या पानावर येऊ द्या

नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांसाठी उमेदवार निवडण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. एकेका जागेसाठी अर्जांचा गठ्ठा येतो आणि पहिल्या चाळणीत एका रेझ्युमेला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ देता येत नाही. तेवढ्यात मला एकच गोष्ट शोधायची असते: या माणसाने कोणत्या मशीनवर, किती काळ आणि नेमके काय केले आहे.

मागे आम्हाला व्हीएमसी, म्हणजे धातू कापणाऱ्या संगणकचालित उभ्या मशीनचा ऑपरेटर हवा होता, तोही फनुक कंट्रोलवर (मशीन चालवणाऱ्या फनुक कंपनीच्या संगणकीय यंत्रणेवर) स्वतः सेटिंग करणारा. सिन्नरच्या एका मुलाच्या अर्जाचे पहिले पान ध्येयवाक्य, वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती आणि छंद यांनी भरलेले होते. दुसऱ्या पानाच्या तळाशी ‘अनुभव: 2 वर्षे, खासगी कंपनी’ एवढीच ओळ होती. मी तो अर्ज बाजूला ठेवला. आठवड्याने तो चौकशीसाठी गेटवर आला, तेव्हा सहज म्हणून मी त्याच्या हाती एक शाफ्ट, ड्रॉइंग आणि मायक्रोमीटर (बारीक मोजमापाचे साधन) दिला. त्याने आधी मायक्रोमीटरची दोन्ही टोके कापडाने पुसली, ती मिटवून शून्य तपासले, मग शाफ्ट दोन ठिकाणी मोजला आणि म्हणाला, ‘‘साहेब, 24.98 भरतोय. ड्रॉइंगवर 24.97 ते 25.00 आहे, म्हणजे जॉब पास आहे.’’ वर्क ऑफसेट आणि टूल ऑफसेट, म्हणजे कापायच्या तुकड्याची जागा आणि टूलची लांबी मशीनला सांगणारी मापे, तो दोन वर्षे स्वतः घेत होता. जागा मात्र आदल्याच दिवशी भरली गेली होती, आणि त्याची हळहळ मला आजही वाटते.

म्हणून नाव आणि मोबाइल क्रमांकाच्या लगेच खाली ‘व्हीएमसी ऑपरेटर-सेटर, 2 वर्षे, फनुक कंट्रोल, ऑफसेट स्वतः घेतो, 0.01 मिमीपर्यंत मोजमाप’ अशी ओळ हवी. ती सुचत नसेल, तर कालच्या शिफ्टमध्ये आल्यापासून सुटेपर्यंत काय केले ते कोऱ्या कागदावर मराठीत लिहून काढावे. मी मुलांना हेच करायला लावतो, आणि रेझ्युमेचा निम्मा मजकूर त्यातूनच निघतो. आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी केली असेल, तर ती शिक्षणाच्या रकान्यात न दडवता ट्रेड आणि मशीनच्या नावासह अनुभवात लिहावी.

मित्राच्या फाइलवर नाव बदलून अर्ज करण्याची घाई मला मुळीच पटत नाही. कॉलेज रोडवरच्या झेरॉक्स दुकानात पाच मिनिटांत काम उरकते खरे, पण मी निवडलेल्या एका उमेदवाराला फोन लावला, तेव्हा तो त्याच्या वर्गमित्राने उचलला होता. अशा उसन्या फाइलमधली कौशल्येही उसनीच असतात. ‘ऑटोकॅड येते’ असे लिहिणाऱ्याला मी संगणकासमोर बसवतो आणि साधी फ्लँज (पाइप जोडायची भोके असलेली चकती) काढायला सांगतो.

आधार क्रमांक रेझ्युमेवर लिहू नये. कौशल्यांपुढे तारे काढू नयेत, कारण चार ताऱ्यांचे वेल्डिंग म्हणजे काय हे कोणालाच कळत नाही. दोन रकान्यांचे रंगीत साचे टाळावेत, कारण अर्ज वाचणारी काही सॉफ्टवेअर त्यातल्या ओळींची सरमिसळ करतात. फाइलला ‘न्यू फायनल’ असे नाव न देता स्वतःचे नाव आणि पद द्यावे, आणि छापण्यापूर्वी कागदावरचा क्रमांक बघून दुसऱ्या फोनवरून एकदा तो लावून पाहावा.