गच्चीचं फायनल बिल अडलंय? आधी टेप लावा

वॉटरप्रूफिंगचं काम उरकल्यावर सोसायटी आणि कॉन्ट्रॅक्टर भांडतात ते बहुतेक वेळा मापावरून. ६० बाय ४० फुटांची गच्ची म्हणजे २,४०० चौरस फूट. पण कोबा (वॉटरप्रूफिंगचा सिमेंटचा थर) पॅरापेटवर, म्हणजे कठड्यावर, फूटभर चढवून गोल वाटा (कोपऱ्यातली गोलाई) काढलेला असतो. घेर २०० फूट, म्हणजे आणखी २०० चौरस फूट. ९० रुपये दर धरला तर १८,००० रुपये. कॉन्ट्रॅक्टर ते लावतो, कमिटी म्हणते वाटा दरातच आला, आणि कोटेशनमध्ये त्याबद्दल अवाक्षर नसतं.

म्हणून बिल बनायच्या आधी दोघांनी मिळून मोजा. वहीत लांबी, रुंदी आणि वजावट (टाकीचा चौथरा, जिन्याची खोली) लिहा, पानोपान दोघांच्या सह्या घ्या. न पटलेलं माप खोडू नका. दोघांचे आकडे शेजारीशेजारी राहू द्या.

मग पाण्याची चाचणी. पाइपांची तोंडं बोळे घालून बंद करा, उंच भागावरही इंचभर पाणी राहील इतकं भरा, ४८ ते ७२ तास ठेवा. इमारत जुनी असेल तर आधी इंजिनिअरला विचारा, कारण इंचभर पाण्याचंही चौरस मीटरला २५ किलो वजन होतं, आणि उताराच्या टोकाला ते बरंच जास्त साचतं. शेजारी एक भरलेली बादली ठेवा. ऊन दोन्हीकडचं पाणी साधारण सारखंच खातं. गच्चीवरची पातळी जास्त उतरली तर आधी बोळे बघा, मग वरच्या मजल्याची छतं.

वरच्या हिशेबात २,१६,००० रुपयांबद्दल (जीएसटी वेगळा) वाद नाही. ५ टक्के रिटेन्शन (हमी म्हणून काही काळ राखून ठेवायची रक्कम) ठरलं असेल तर १०,८०० आणि दिलेला ॲडव्हान्स वजा करून बाकी देऊन टाका. १८,००० साठी अख्खं बिल अडवलं की पुढे व्याजाची मागणी येते, आणि गळती निघाली तर माणूस फिरकत नाही. कॉन्ट्रॅक्टरने मात्र अशा वेळी ‘फुल अँड फायनल’ पावतीवर सही करू नये. ‘वादातली रक्कम सोडून’ असं लिहावं.

तोंडी सांगितलेलं जादा काम अगदीच बुडीत नसतं. फुकट करायचा हेतू नव्हता आणि समोरच्याने फायदा घेतला, तर करार कायद्याचं कलम ७० मोबदला मागू देतं. पण ते काम सांगितलेलं आणि झालेलं दाखवायला मेसेज, फोटो, मालाचं चलन काहीतरी लागतंच.

गळती दिसली की लगेच दुसऱ्याकडून कोबा फोडू नका, पुरावाच जातो. तारखेसह फोटो, लेखी नोटीस, दुरुस्तीला ठरावीक मुदत. ती टळली तर इंजिनिअरचा अहवाल, आणि मग दुसरा माणूस.

ग्राहक आयोगात तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. पैसे द्यायची तारीख ठरलेली नसेल तर कॉन्ट्रॅक्टरच्या दाव्याची तीन वर्षं काम पूर्ण झाल्यापासून मोजतात. त्या मुदतीत सोसायटीने देणं सहीनिशी लेखी कबूल केलं, तर तीन वर्षं त्या तारखेपासून नव्याने सुरू होतात.