चिमटा नीट कसा वापरावा

चिमटा या शब्दात वस्तू आहे तशी कृतीही आहे. बोटांनी काढतो तो चिमटा, नाइलाजाने पोटाला घेतो तोही चिमटाच, आणि दोन बोटांत मावते ती चिमूट. अवजार म्हणजे त्याच बोटांना आलेली धातूची नखं.

हातात घेण्याआधी त्याची रचना पाहा. दोन पात्या मागे जोडलेल्या असतात, बोटं मध्ये दाबतात, काम पुढच्या टोकाशी होतं. हा तरफेचा तिसरा प्रकार. १२ सेंटिमीटर लांबीचा चिमटा जोडापासून ६ सेंटिमीटरवर दाबला, तर टोकाशी फार तर निम्मा जोर पोहोचतो. सांडशीत आणि पकडीत टेकू मध्येच असतो, टोकाच्या जवळ, म्हणून तिथे जोर वाढतो. थोडक्यात, खिळा उपसायला पकड घ्या. चिमटा नेमासाठी आहे.

आता टोकं तपासा. उजेडासमोर धरून हलकेच मिटा. मध्ये फट दिसता कामा नये. कागदावर पडलेला एक केस उचलता आला तर चिमटा चांगला. जास्त दाबलंत तर टोकं उलट फाकतात आणि धरलेली वस्तू निसटते. बहुतेक जण इथेच चिमट्याला नावं ठेवतात!

धरायचा पेनासारखा. मागचं टोक अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात येऊ द्या, करंगळी टेबलावर टेकवा. हाताची थरथर बरीच थांबते.

हातात काटा किंवा कुसळ रुतलं असेल तर आधी हात आणि ती जागा साबणाने धुवा, टोकं स्पिरिटने पुसा. भरपूर उजेडात बसा, जमल्यास भिंग घ्या. काटा कातडीच्या अगदी लगत धरा. वरचं टोक धरलं की तो मोडतो आणि अर्धा आत राहतो. मग ज्या कोनात तो शिरला, त्याच कोनात हळूहळू, झटका न देता बाहेर ओढा. जागा पिळू नका, त्यानेही काटा मोडतो. निघाला की पुन्हा धुवा. डोळ्यात काही गेलं असेल किंवा काच खोल रुतली असेल, तर चिमटा बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

गोचीड चावली असेल तर बारीक टोकाच्या चिमट्याने ती कातडीलगत धरा आणि सरळ वर ओढा, पिरगळू नका.

टपाल तिकिटांना चपटी, गुळगुळीत टोकं हवीत. टोकदार चिमट्याने कागदाला भोक पडतं. घड्याळातला बटण सेल धातूच्या चिमट्याने आडवा धरू नका, दोन्ही बाजू जोडल्या जाऊन तो शॉर्ट होतो. त्यासाठी प्लास्टिकचा चिमटा घ्या. विजेच्या चालू जोडणीत तर धातूचा चिमटा घालूच नका.

काम झालं की पुसून, कोरडा करून टोकांवर टोपी चढवा. कारण चिमटा हातातून पडला की नेमका टोकावरच पडतो.