‘द स्टारी नाइट’ची नक्कल: आधी बाण, मग रंग

चित्रकलेच्या कॉलेजात फाउंडेशनच्या म्हणजे पायाभूत वर्षाला मी डच चित्रकार व्हॅन गॉगच्या ‘द स्टारी नाइट’ची, म्हणजे गावावरच्या चांदण्या आकाशाच्या चित्राची, पहिली नक्कल केली. चार तास निळ्यात पांढरा घोळवत बसले आणि आकाशाऐवजी नाल्याचं गढूळ पाणी तयार झालं. सरांनी एवढंच विचारलं, “रंगवायच्या आधी बघितलंस किती वेळ?” मी गप्प.

दुसऱ्या खेपेला दोन दिवस रंगाला हातच लावला नाही. प्रिंटवर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि ब्रशचे फटकारे कुठून कुठे जातात ते नुसते बाणांनी काढत गेले. आकाशातले लांब, वाहते. टेकड्यांवरचे तिरके. सायप्रसचे झाड ज्वाळेसारखं खालून वर. घरं मात्र आखूड, सरळ रेघांची, गडद कडांची. घरं अशी मुकाट बसलीत म्हणून तर आकाश फिरतंय असं वाटतं! मी घरंसुद्धा वळवळती केली होती, मग फिरणारं काय आणि थांबलेलं काय, कळणार कसं?

हे चित्र त्याने रात्री, वेडाच्या भरात रंगवलं असा माझाही समज होता. प्रत्यक्षात जून 1889 मध्ये तो दक्षिण फ्रान्समधल्या सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात होता. पूर्वेकडच्या खिडकीतून पहाटेआधीचं आकाश बघायचा आणि तळमजल्यावरच्या खोलीत दिवसा रंगवायचा. ते गाव त्या खिडकीतून दिसतच नव्हतं, त्याने ते मनाने बसवलं. म्हणजे सगळं जुळवलेलं. हे कळल्यावर माझं दडपण निम्मं उतरलं.

नक्कल करायची लाजही वाटायची. पण तिथेच राहून त्याने स्वतः मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांच्या कितीतरी नकला केल्या, आणि अशा नक्कल करण्याची तुलना दुसऱ्याची रचना वाजवणाऱ्या वादकाशी केली. बंदिश तीच, गळा वेगळा. आपल्याला हे नव्याने सांगायला नको.

आता कामाचं. मूळ चित्र 73.7 × 92.1 सेंमी, म्हणजे 4:5. दुकानातला 16 × 20 इंची कॅनव्हास चपखल बसतो. चार-चार इंचांचे वीस चौकोन आखा. फोनवर फोटो कृष्णधवल करून सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद जागा आधी ठरवा. आकाशाला अल्ट्रामरिन आणि कोबाल्ट हे दोन निळे. चंद्र-ताऱ्यांत त्याने इंडियन यलो हा पिवळा वापरला होता. आंब्याची पानं खाऊ घातलेल्या गाईंच्या मूत्रापासून तो रंग बिहारात मुंगेरजवळ बनायचा, असं तेव्हाचं वर्णन आहे. आजच्या ट्यूबमधला कृत्रिम असतो, घाबरू नका. काळा शक्यतो टाळा.

फटकारा एकदाच. ब्रश पुसा, रंग भरून घ्या, ठेवा आणि हात काढा. पुन्हा फिरवलात की रंग मळलाच. मधे कॅनव्हास उघडा दिसला तर दिसू द्या, मुळातही दिसतो. तैलरंगाचा जाड थर पावसाळ्यात लवकर वाळत नाही, त्यामुळे घाई असेल तर लवकर वाळणारा ॲक्रिलिक रंगच बरा.

माझी तिसरी नक्कल बरी जमली. सायप्रस अजून उलट्या केरसुणीसारखा दिसतो.