शेजाऱ्याची निवडणूक कशी वाचावी: मालदीवचा नमुना

निकालाच्या रात्री वाहिन्यांवर एकच पट्टी फिरते, ‘भारताचा माणूस हरला, चीनचा जिंकला’. तिच्यावरून काही ठरवू नका. त्यापेक्षा कागद घेऊन पुढच्या गोष्टी टिपायला बसा.

आधी मतं. मालदीवचा राष्ट्राध्यक्ष व्हायला निम्म्याहून जास्त मतं लागतात, नाहीतर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. ३० सप्टेंबर २०२३ च्या दुसऱ्या फेरीत मोहम्मद मुइझ्झूंना सुमारे ५४ टक्के मिळाली, सत्तेतले राष्ट्राध्यक्ष सोलिह यांना ४६. मुइझ्झूंच्या बाजूच्या ‘इंडिया आउट’, म्हणजे भारतीय सैनिक बाहेर काढा, या घोषणेमागे अख्खा देश होता, असं म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवा. शिवाय त्या ५४ मध्येही राजधानी मालेतल्या घरांच्या टंचाईला वैतागलेले होतेच.

मग घोषणेची एकेक वस्तू करा: किती माणसं, कोणतं विमान, कोणता करार, मुदत कधी संपते. इथे हिशेब दोन हेलिकॉप्टरं, एक डॉर्निअर विमान आणि नव्वदच्या आत भारतीय लष्करी कर्मचारी एवढाच होता. १० मे २०२४ पर्यंत गणवेशातली माणसं परतली, पण विमानं तिथेच राहिली. ती चालवायला भारतातूनच नागरी तंत्रज्ञ गेले. गंमत म्हणजे बातमी पहिल्या निम्म्याचीच जास्त झाली. खरा बदल कमी गाजलेल्या कागदांत होता. समुद्रतळाच्या मोजणीचा २०१९ चा भारताबरोबरचा करार मालेने पुढे चालू ठेवला नाही आणि मार्च २०२४ मध्ये चीनशी लष्करी मदतीचा करार केला. त्याच महिन्यात भारताने लक्षद्वीपच्या मिनिकॉयवर ‘आयएनएस जटायू’ हा नौदल तळ कार्यान्वित केला. नकाशा उघडा: मिनिकॉय आणि मालदीवचं उत्तर टोक यांच्यामध्ये फक्त ‘एट डिग्री चॅनल’ हा समुद्राचा पट्टा आहे.

तिजोरी विसरू नका, बहुतेक जण इथेच चुकतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये परकीय चलनाची चणचण असताना मुइझ्झू दिल्लीला आले आणि ४० कोटी डॉलरच्या चलन अदलाबदलीची (आपलं चलन देऊन डॉलर उसने घेण्याची) सोय घेऊन गेले.

लोकशाहीचं मोजमाप मात्र राष्ट्राध्यक्षाच्या निकालात सापडत नाही, ते मजलिसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, शोधा. एप्रिल २०२४ मध्ये ९३ जागांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त मुइझ्झूंच्या पक्षाला मिळाल्या; साथीदार धरले की घटना बदलायला लागणाऱ्या तीन चतुर्थांशही, म्हणजे घटना बदलायची ताकद. नोव्हेंबरमध्ये ती वापरली गेली: पक्ष सोडणाऱ्या खासदाराची जागा जाईल, अशी दुरुस्ती झाली. २०१९ मध्ये सोलिहांच्या पक्षाकडेही असंच बहुमत होतं, तेही त्याच रकान्यात लिहा.