कोकणातून केदारनाथ: चढाईच्या दिवसाची तयारी कशी करायची

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ कुठूनही निघा, आपण राहतो ते समुद्राच्या पातळीच्या आसपास. केदारनाथचं देऊळ ३,५८३ मीटरवर आणि गौरीकुंड, जिथून पायी चढ सुरू होतो, ते साधारण १,९८० मीटरवर. म्हणजे सोळाएक किलोमीटर चालत एका दिवसात १,६०० मीटर वर जायचं. आपल्या कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची अख्खी उंची १,६४६ मीटर आहे, त्यावरून अंदाज घ्या. आपल्याकडचे बरेच जण चालायची प्रॅक्टिस जोरात करतात पण सुट्टी मोजूनमापून घेतात आणि गडबड तिथेच होते. पाय इथे तयार होतात, विरळ हवेची सवय मात्र तिथे जाऊनच होते आणि तिला वेळ लागतो. म्हणून रजा टाकतानाच दोन दिवस जास्तीचे टाका, बाकीचं सगळं नंतर.

वर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण इथल्यासारखंच २१ टक्के असतं, पण हवेचा दाब साडेतीन हजार मीटरवर इथल्या ६५ टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळतं तेवढंच कमी. रोज धावणाऱ्या पंचविशीतल्या पोरालाही याचा त्रास होतो, फिटनेसचा आणि याचा संबंध फार थोडा. मंगला एक्सप्रेसने दिल्ली, तिथून हरिद्वार आणि लगेच रातोरात गौरीकुंडाच्या अलीकडचं सोनप्रयाग, असं करूच नका. एक रात्र गुप्तकाशीला राहा. मग जमलं तर एक रात्र चोपत्याला, सकाळी तुंगनाथ चढून खाली या. तुंगनाथ ३,६८० मीटरवर आहे, केदारनाथहूनही वर, पण वाट चारेक किलोमीटरचीच. उंच जाऊन यायचं आणि खाली झोपायचं, शरीर याने सरावतं. चारधामची नोंदणी आधीच करून ठेवा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका, दरडी पडतात.

आता पायांचं. निदान दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. रोजचं म्हणाल तर पुळणीत तासभर झपझप चालणं चांगलंच, पण त्याने चढाचा दम येत नाही, त्याला पाखाडीच हवी. गावातली एखादी लांब जांभ्याची पाखाडी धरा, पाठीवर सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून चार-पाच किलो वजन घ्या आणि वर-खाली फेऱ्या मारा, उतरताना सावकाश, कारण मांड्या आणि गुडघे उतरतानाच जास्त मार खातात आणि त्याची प्रॅक्टिस कोणी करत नाही. रविवारी मोठा पल्ला करा, रायगड पायऱ्यांनी किंवा खेडकडून चोरवण्याहून नागेश्वर. पूर्ण दिवस चालून दुसऱ्या दिवशी परत दोन तास चालता आलं की पाय तयार झाले समजा.

बुटांकडे मात्र नीट बघा. आपल्याकडच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या बुटांचा सोल आतून कुजतो, वरून बूट नवाकोरा दिसतो आणि दहा किलोमीटर चालल्यावर सोल अख्खा सुटून येतो. बूट हातात घेऊन वाकवा, सोल आणि वरचा भाग जुळतो तिथे अंगठ्याने दाबा, बारीक चिरा दिसल्या किंवा भुगा हाताला लागला तर तो बूट न्यायचा नाही. नवीन घेतलात तर महिनाभर आधी घ्या, जाड मोज्यांसकट घालून घ्या, बोटांपुढे थोडी जागा हवी, नाहीतर उतरताना नखं काळी पडतात.

कपड्यांत एकच पाळा, अंगालगत कॉटन नको. चढताना घाम येतोच, कॉटनचं बनियान ओलं होऊन अंगाला चिकटतं आणि थांबलात की गारठा भरतो. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, वर मे-जूनच्या रात्रीही पारा शून्याजवळ जातो. ड्रायफिट टीशर्ट, वर फ्लीस, त्यावर चांगला रेनकोट, आणि एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. कानटोपी, हातमोजे, गॉगल, सनस्क्रीन राहू देऊ नका.

खायला आपल्याकडचंच उत्तम. फणसपोळी, खोबऱ्याच्या वड्या, काजू, शेंगदाणे-गूळ खिशात ठेवा आणि भूक नसली तरी तासातासाला थोडं तोंडात टाका. थंडीत तहान कळत नाही म्हणून घोट घोट पाणी पीत राहा, दिवसाला तीनेक लिटर, एका बाटलीत ओआरएस नाहीतर कोकम-साखर-मीठ.

चढाईच्या दिवशी पहाटेच निघा, दुपारनंतर ढग येतात आणि पाऊस लागतो. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच वेग ठेवा, धाप लागून शब्द तुटायला लागले की वेग कमी. घोडी-खेचरं आली की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही.

डोकं दुखणं, मळमळ, जेवण नकोसं होणं, चक्कर, यातलं काहीही वर गेल्यावर झालं तर ते उंचीमुळेच आहे असं धरून चाला, "पित्त झालंय" म्हणून सोडू नका. बहुतेकदा हे पोचल्यावर काही तासांनी सुरू होतं, म्हणजे नेमकं रात्री. थांबा, आणखी वर जाऊ नका, दारू आणि झोपेची गोळी अजिबात नाही. बसल्याजागी धाप लागत असेल, खोकला थांबत नसेल, माणूस असंबद्ध बोलत असेल किंवा एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत सरळ रेषेत चालता येत नसेल तर लगेच खाली न्यायचं आणि वाटेतल्या वैद्यकीय केंद्रात दाखवायचं, दर्शन झालेलं असो वा नसो. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, डॉक्टरला विचारूनच घ्या, सल्फाची अॅलर्जी असेल तर ते आधी सांगा, आणि बीपी, शुगर, दमा असणाऱ्यांनी निघायच्या महिनाभर आधी तपासणी करावी. ग्रुपमध्ये कोणाला त्रास झाला तर त्याच्याबरोबर खाली कोण उतरणार, हे घरून निघतानाच नावानिशी ठरवून घ्या, कारण देऊळ समोर दिसायला लागल्यावर मागे फिरायला कोणीच तयार होत नाही.