बैलाला सोमवार, आपल्याला कोणता वार?

बेळगाव भागात अजूनही कित्येक घरी सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. वडगावच्या मंगाई यात्रेआधी वार पाळणूक असते, तेव्हा शेतातली कामं बंद. माणसाच्या अंगाला मात्र असा वार नाही. बाईला तर नाहीच. वार पाळला तरी चूल पेटतेच. तेव्हा तो आपला आपण ठरवायचा.

आधी अंग काय म्हणतंय ते ऐका. सकाळी अंथरुणातच, चहाच्या आधी, मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण 1 मिनिट नाडी मोजा आणि आकडा कॅलेंडरच्या चौकटीत लिहा. मोठ्या माणसाची नाडी साधारण 60 ते 100 असते, पण तुमचा रोजचा आकडा महत्त्वाचा. रोज 72 येणारी नाडी सलग तीन दिवस 82 आली, तर झोप अपुरी असेल, नाहीतर कणकण येऊ घातली असेल. त्या दिवशी जड काम पुढे ढकला.

मग पाणी. रोप लावणीला जाणाऱ्या कितीतरी बायका आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. दुपारी डोकं ठणकतं, त्याला ऊन लागलं म्हणतात. लघवी गर्द पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय, एवढं समजा.

खानापूरकडे जुलैत दिवसभर ओणवं राहावं लागतं. अर्ध्या तासाने सरळ व्हा, कमरेवर हात ठेवून चार-पाच वेळा हळूच मागे झुका. मुकादम बघतोय? बघू दे. मागावर उभं राहून पोटऱ्या भरून आल्या, तर रात्री 10 मिनिटं पाय भिंतीला लावून वर ठेवा. निपाणीकडे ओला तंबाखू हाताळताना मळमळ, चक्कर आली तर ती नुसती दमणूक नव्हे. निकोटीन कातडीतून अंगात शिरतं. काम थांबवा, साबणाने हात धुवा, भिजलेले कपडे बदला.

दुपारी डोळा लागला तर लागू दे, पण 20-30 मिनिटांचा गजर लावून आणि 3 वाजायच्या आत. संध्याकाळचा चहा सोडा (हे मलाही जमत नाही). रात्री 7 तास झोप हवी.

दोन आठवडे असं करूनही थकवा हटला नाही, तर रक्त तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे रक्त कमी. छातीत कळ आली किंवा चार पावलांत धाप लागली, तर लगेच दवाखाना गाठा.

आता वार. बाजाराचा दिवस सोडून आठवड्यातली एक दुपार धरा आणि घरात आधीच सांगून ठेवा. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही असलं की तवा तापवायला नको. पहिल्या खेपेला शेजारीण दारातून विचारेलच, "बरं नाही काय गे?" आज वार आहे म्हणायचं आणि कूस बदलायची.