अमेरिकी बनावटीचे जुने खिशातले घड्याळ : ओळख कशी पटवावी, साल कसे ठरवावे

जुन्या अमेरिकी खिशातल्या घड्याळाचे साल शोधताना बहुतेकांची पहिली चूक एकच असते. मागचे झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला एक आकडा दिसतो, तो उतरवून घेतला जातो आणि त्यावरूनच शोध सुरू होतो. तो आकडा केसचा, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाचा असतो, घड्याळाचा नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरही बराच काळ अमेरिकेत घड्याळाचे मशीन एका कारखान्यात तयार होई आणि केस दुसऱ्याच कारखान्यात. गिऱ्हाईक दुकानात येऊन ऐपतीप्रमाणे मशीन वेगळे निवडी, केस वेगळी निवडी, आणि दुकानदार दोन्ही तिथल्या तिथे जुळवून देई. त्यामुळे साल शोधायचे ते मशीनवरच्या क्रमांकावरून. केस, तबकडी आणि काटे लावण्याची पद्धत यांची फक्त साक्ष काढायची.

त्याआधी घड्याळ मुळात अमेरिकी आहे का, हे पाहावे. महाराष्ट्रात आजोबा-पणजोबांच्या पेटीतून निघणारे साखळीचे घड्याळ बहुधा स्विस असते. वेस्ट एंड आणि फाव्र-ल्यूबा ही नावे मुंबईच्या बाजारात रुळलेली होती आणि दोन्हींची घड्याळे स्वित्झर्लंडची होती. अमेरिकी घड्याळावर मुख्यतः वॉल्थम (मॅसॅच्युसेट्स), एल्जिन (इलिनॉय), हॅमिल्टन (लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया), इलिनॉय वॉच कंपनी (स्प्रिंगफील्ड) किंवा हॅम्पडेन (कँटन, ओहायो) यांपैकी एखादे नाव आढळते. तबकडीवरच्या नावावर मात्र विसंबू नये. तबकडी तडकली की घड्याळजी दुसरी बसवत असे, आणि पुष्कळदा तिच्यावर कारखान्याऐवजी दुकानदाराचेच नाव असे.

मशीन उघडून पाहणे

मागचे झाकण तीनपैकी एका पद्धतीने उघडते. कडेला नख अडकेल अशी बारीक ओठासारखी कड असेल, तर झाकण दाबून बसवलेले आहे; तिथे बोथट पात्याने हलकेच उचकटावे, आणि आत दुसरे पातळ झाकण असल्यास तेही तसेच काढावे. कड कुठेच नसेल, तर झाकण आट्यांचे असण्याची शक्यता जास्त. घड्याळ तळहातावर घट्ट धरून झाकण डावीकडे फिरवावे. मागून काहीच उघडत नसेल आणि पुढची काचेची कडी निघत असेल, तर मशीन बिजागरीवर पुढच्या बाजूने बाहेर झुलते. हे काम मऊ कापडावर, टेबलाच्या मधोमध करावे. मशीनला बोट लावू नये, कारण बोटाच्या घामाचा डाग मशीनच्या धातूच्या पट्टीवर कायमचा राहतो. बंद घड्याळाला जोर करून चावी देऊ नये आणि घरातले तेल तर मुळीच सोडू नये. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग असे. तशी तबकडी उघडी करून खरवडू किंवा पुसू नये.

नाव आणि क्रमांक

आता भिंग घेऊन मशीनच्या पट्टीवर कोरलेला सगळा मजकूर अक्षरशः उतरवून घ्यावा. इथे एक फसवी जागा आहे. ‘पी. एस. बार्टलेट’, ‘विल्यम एलरी’ किंवा ‘बी. डब्ल्यू. रेमंड’ अशी नावे ठळक दिसतात आणि पाहणाऱ्याला ती कारागिराची किंवा मालकाची वाटतात. ती प्रत्यक्षात मशीनच्या दर्जांची नावे आहेत. पहिली दोन वॉल्थमची आणि तिसरे एल्जिनचे. एल्जिनने १८६७ मध्ये बाजारात आणलेले पहिले घड्याळ याच रेमंड नावाचे होते. ‘अ‍ॅपलटन, ट्रेसी अँड कंपनी’ हे तर आधी वॉल्थमच्या कारखान्याचेच नाव होते आणि पुढे एका दर्जाचे नाव झाले, म्हणून तेवढ्यावरून साल ठरवण्याची घाई करू नये.

क्रमांक लिहून घेतला की तो त्याच कारखान्याच्या क्रमांकसूचीशी ताडून पाहावा. संग्राहकांनी तयार केलेल्या अशा सूची सहज मिळतात. कारखाना चुकला तर साल किती चुकते, ते पाहण्यासारखे आहे. १५ लाखांच्या घरातला क्रमांक वॉल्थमच्या मशीनवर असेल, तर ते १८८० च्या सुमाराचे. तोच क्रमांक हॅमिल्टनच्या मशीनवर असेल, तर ते पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचे, कारण हॅमिल्टनची स्थापनाच १८९२ ची. शिवाय कारखाने क्रमांकांचे गठ्ठे आधीच राखून ठेवत, आणि तयार मशीन दुकानात काही वर्षे पडूनही राही. म्हणून सूचीतले साल ‘सुमारे’ असेच लिहावे.

साल पडताळणे

वॉल्थमच्या बाबतीत कंपनीचे बदलते नावच चांगली पडताळणी करून देते. साधारण १८५९ ते १८८५ ‘अमेरिकन वॉच कंपनी’, त्यानंतर १९०६ पर्यंत ‘अमेरिकन वॉल्थम वॉच कंपनी’ आणि पुढे नुसती ‘वॉल्थम वॉच कंपनी’. क्रमांक ९५ लाखांच्या आसपास म्हणजे १९०० च्या सुमाराचा आणि नाव मधले असेल, तर दोन्ही साक्षी जुळल्या. पट्टीवर पेटंटची तारीख असल्यास घड्याळ त्या तारखेच्या आधीचे नाही, एवढेच ती सांगते. ती घड्याळ तयार झाल्याची तारीख नव्हे.

सुट्या किल्लीने चावी देण्याचे घड्याळ बहुधा १८८० च्या आधीचे असते. डोक्यावरच्या गोंडीने चावी देता येते, पण गोंडी ओढूनही काटे फिरत नाहीत, असे आढळले तर ओढाताण थांबवावी. काचेची कडी उघडल्यावर तबकडीच्या कडेला एक बारीक पोलादी दांडी दिसते. ती नखाने बाहेर ओढली की गोंडीने काटे फिरतात. ही सोय रेल्वेच्या घड्याळांत सक्तीची होती. एप्रिल १८९१ मध्ये ओहायोतील किप्टन येथे दोन गाड्यांची टक्कर झाली, त्यानंतर क्लीव्हलँडचे जवाहिरे वेब बॉल यांच्याकडे रेल्वेच्या घड्याळांच्या तपासणीची व्यवस्था सोपवण्यात आली. त्यातून जे निकष रूढ झाले, त्यांत या दांडीखेरीज उघडी (पुढे झाकण नसलेली) तबकडी, १२ च्या डोक्यावर गोंडी, १६ किंवा १८ साइज, मशीनमधली झीज रोखणारे किमान १७ खडे, घड्याळ पाच वेगवेगळ्या स्थितींत ठेवले तरी वेळ बरोबर राहील अशी जुळवणी आणि आठवड्याला ३० सेकंदांपेक्षा जास्त फरक नसणे, एवढ्या गोष्टी होत्या. तबकडीवर नुसते आगगाडीचे चित्र आहे म्हणून घड्याळ रेल्वेचे ठरत नाही. विक्रेते तसे सांगतात, पण ७ खड्यांच्या मशीनवर इंजिन रंगवायला कोणाची बंदी नव्हती.

साइज केसवरून नव्हे, तर तबकडीखालच्या मशीनच्या पट्टीच्या व्यासावरून मोजतात. १८ साइज म्हणजे सुमारे ४४.९ मिलिमीटर, १६ म्हणजे ४३.२ आणि १२ म्हणजे ३९.८. एकोणिसाव्या शतकात १८ चा बोलबाला होता, विसाव्या शतकाच्या आरंभी १६ ने त्याची जागा घेतली, आणि १२ साइजची चपटी घड्याळे पुढच्या दोन दशकांत लोकप्रिय झाली.

केस काय सांगते

केसवर ‘२० वर्षे हमी’ असे कोरलेले असते, त्याचा घड्याळाच्या वयाशी संबंध नाही. हलक्या धातूवर चढवलेला सोन्याचा पत्रा तितकी वर्षे झिजणार नाही, असे ते आश्वासन असे. अशा वर्षांच्या हमीवर १९२४ मध्ये बंदी आली, म्हणजे ती असलेली केस बहुधा त्याआधीची. ‘सिल्व्हरॉइड’, ‘सिल्व्हरिन’ ही नावे चांदीसारखी वाटली तरी तो निकेलचा मिश्रधातू आहे. आपल्याकडे ब्रिटिश मार्गाने आलेले वॉल्थम घड्याळ असेल, तर त्याची केस इंग्लंडमधली असू शकते. वॉल्थमच्या संस्थापकांपैकी एक, अ‍ॅरन डेनिसन, यांनी पुढे बर्मिंगहॅमला केसचा कारखाना काढला. तशा चांदीच्या केसवर जहाजाच्या नांगराचा शिक्का आणि वर्षदर्शक अक्षर असते, आणि तिथे मात्र केसचे साल नेमके कळते.

शेवटी मशीन आणि केस यांचा जोड तपासावा. मशीन ज्या स्क्रूंनी केसच्या आतल्या कडेला पकडलेले असते, त्यांच्या डोक्यांचे चंद्रकोरीसारखे ओरखडे कडेवर उमटतात. ते एकाच जागी असतील तर ठीक. पण मोकळ्या जागी दुसरी जोडी दिसली, तर या केसमध्ये आधी दुसरे मशीन नांदून गेले आहे. मागच्या झाकणाच्या आत, तिरप्या उजेडात, सुईने खरवडलेली बारीक अक्षरे आणि आकडेही दिसतात. दुरुस्ती करणारे घड्याळजी आपली खूण आणि कधी तारीख तिथे टिपून ठेवत. ही केस पुसून चकचकीत करायच्या आधी ती अक्षरे कागदावर उतरवून घ्यावीत.